पाण्यात राहिलेली गाडी: कृपया सेल्फ मारू नका

बाकीचं निवांत वाचा, पण एवढं आत्ता वाचा. सेल्फ मारू नका. म्हणजे चावी फिरवून गाडी सुरू करून बघू नका; शेजारी म्हणताहेत म्हणून एकदाही नको, आणि "गिअरमध्ये टाकून धक्का मारू" हे तर अजिबातच नको. जमलं तर दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि चावी घरातल्या उत्साही मंडळींपासून लपवा.

तुमची पोस्ट वाचली. सांगलीत रात्री पार्किंगमध्ये पाणी, सीटच्याही वर, सकाळी ओसरलं, सर्व्हिस सेंटरचा फोन लागत नाही, पहिलीच गाडी आणि "इंजिनातलं ओ की ठो कळत नाही". वाचून पोटात गोळा आला, कारण हे सगळं माझ्याबाबतीत जसंच्या तसं झालंय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा माझी गाडी अरण्येश्वरच्या बाजूला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. पाणी हेडलाइटच्या वर गेलं होतं, भिंतीवर रेघ अजून आहे. सकाळी खाली उतरलो तर गाडी जागेवरच, फक्त तिरकी झालेली. दार उघडलं, चिखलाचं पाणी पायावर आलं. आणि मी काय करावं? "बघू तरी" म्हणून चावी फिरवली. डॅशबोर्डचे दिवे लागले, त्याचा आनंदही झाला. सेल्फ मारला, "ठक्" असा एकच आवाज. लोखंडी दारावर कोणी हातोडी मारावी तसा. पुन्हा मारला. पुन्हा ठक्. मग बंद.

त्या दोन "ठक्"ची किंमत पुढे सांगतो. आधी ते का झालं, कारण हे एकदा कळलं की तुम्ही कुणाचंही ऐकणार नाही.

इंजिन हवा ओढतं, पेट्रोलमध्ये मिसळतं, दाबतं, पेटवतं, धूर बाहेर फेकतं. पेट्रोल गाडीत ती हवा साधारण दहाव्या हिश्शात दाबली जाते, डिझेलमध्ये त्याहून बरीच जास्त. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरच्या डब्यातून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारलात, तर पिस्टन (सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा दट्ट्या) वर येताना त्या पाण्यावर आपटतो. पाणी हटत नाही. मग हटतं ते दुसरं काहीतरी, आणि बहुतेक वेळा तो असतो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालून धरून असलेला दांडा. धक्का मारून सुरू करण्यातही हेच होतं, फक्त इंजिन फिरवायला सेल्फऐवजी चाकं असतात. म्हणून टो करतानाही गाडी न्यूट्रलमध्ये, आणि ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर.

गंमत अशी की गाडी बंद असताना नुसती पाण्यात राहिली तर इंजिनचं नुकसान बरंच कमी असतं. प्लग काढायचे, पाणी बाहेर काढायचं, ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलायचे, गरज पडली तर ऑइल दोनदा बदलायचं. माझ्याच सोसायटीतल्या एका काकांनी गाडीला हात लावला नाही, त्यांचं इंजिनचं काम अठरा हजारांत झालं. तीच रात्र, तेच पाणी, शेजारची जागा.

माझं? गॅरेजवाल्याने इंजिन उतरवल्यावर रॉड काढून काउंटरवर ठेवला, शेजारी एक सरळ रॉड. लांबून बघितलं तर दोन्ही सारखेच. त्याने दोन्हींवर स्टीलची पट्टी ठेवली, तेव्हा माझ्या रॉडखाली फट दिसली. नखाएवढी. तेवढ्या फटीपायी हाफ इंजिन (सिलिंडर, पिस्टन, रॉड असलेला खालचा भाग) बदलावं लागलं: १,१२,००० रुपये.

आता विमा. इथेच मी जास्त पोळलो, त्यामुळे इथे थोडा सूर चढला तर समजून घ्या. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, त्यात जास्त शिरत नाही. फक्त एक बघा: २०१८ च्या सप्टेंबरपासून नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, पण त्यासोबतचा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. "तीन वर्षांचा विमा आहे" अशा भ्रमात असलेले किमान चार जण मला भेटलेत. तुमची गाडी वर्षाच्या पुढे गेली असेल तर पॉलिसीचा कागद आजच काढून बघा.

पूर हा साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत (थर्ड पार्टी अधिक स्वतःच्या गाडीचं नुकसान) येतो. माझीही तीच होती. एकूण अंदाजपत्रक २,७१,००० चं झालं, गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ३,२०,०००. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेली तर गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची किंमतच देतात. २,४०,००० ची ती रेघ मी आरामात ओलांडत होतो.

क्लेम ऑफिसचं (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) पहिलं माणूस नवव्या दिवशी आलं. सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) बघेपर्यंत काही उघडायचं नाही, असं गॅरेजला सांगून ठेवलेलं. नऊ दिवस ओलं कार्पेट गाडीत. बुरशीचा वास मास्क लावूनही जात नव्हता, आणि गॅरेजचं पार्किंग भाडं रोज वेगळं. नंतर फोन आला. गोड आवाजात, "सर, पाणी ओसरल्यावर गाडी स्टार्ट करून बघितली होती का?" मी मोठ्या अभिमानाने, "हो, दोनदा केली, पण झाली नाही." तीन आठवड्यांनी पत्र आलं: इंजिनचं नुकसान पुरामुळे नाही, नंतर सेल्फ मारल्यामुळे, म्हणून "कॉन्सिक्वेन्शियल लॉस" (मागाहून ओढवलेलं नुकसान), म्हणून नामंजूर.

खोटं बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. वाकलेला रॉड सगळं सांगतोच. पण पुढचा हिशेब बघा. इंजिन वगळल्यावर उरले १,५९,०००, म्हणजे गाडी टोटल लॉसच्या रेघेखाली आली. त्यातून रबर, प्लास्टिक, बॅटरीवर ५० टक्के घसारा (जुनं झाल्याबद्दलची कपात), इतर भागांवर वयानुसार, वर आपण सोसायचे सक्तीचे हजार रुपये वजा. हातात आले ९८,०००. खिशातून गेले १,७३,०००, आणि ४५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन (जादा हप्ता भरून घ्यायचं इंजिनचं संरक्षण) रिन्यूअलच्या वेळी मीच काढून टाकलं होतं, "पुण्यात कुठला पूर" म्हणत.

ॲड-ऑन असलं तरी निर्धास्त राहू नका. पाण्यात गेलेलं इंजिन पुन्हा पुन्हा फिरवलं तर त्यातही हात वर करायची सोय बहुतेक पॉलिसींमध्ये असते. बारीक अक्षरं वाचा. मी मेकॅनिक नाही, विम्याच्या धंद्यातही नाही. तुमच्या पॉलिसीत काय लिहिलंय तेच खरं.

दुसरी चूक माझ्या आळसाची. पत्र आलं नोव्हेंबरमध्ये. ऑफिसात गेलो की "फाइल वर पाठवली आहे, रिव्ह्यूमध्ये आहे", सगळं तोंडी. लॉकडाऊन लागलं, मीही विसरलो. २०२१ च्या सुरुवातीला कुणीतरी विमा लोकपालाबद्दल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल, सांगितलं. तिथे फी नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. पण कंपनीने नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. माझं वर्ष उलटून गेलं होतं. तुमच्यावर वेळ येऊ नये, पण आली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग पुण्याचं लोकपाल कार्यालय. सांगली त्यांच्याकडेच येते. आणि कुणी "वर पाठवलंय" म्हणालं तर "मेल करा" म्हणायचं. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नसते.

तर आत्ता काय करायचं. गाडी हलवायच्या आधी फोटो: भिंतीवरची रेघ, नंबर प्लेटसकट गाडी, आतला चिखल. आजच क्लेम नोंदवून नंबर घ्या, फोन लागत नसेल तर ॲपवरून किंवा मेलवर. मेलमध्ये सरळ लिहा की पाणी आल्यापासून इंजिन सुरू केलेलं नाही, आणि कार्पेट काढून वाळवायची परवानगी मागा. उत्तर येवो न येवो, मागितल्याची तारीख राहते. हँडब्रेक ओढलेला असेल तर सोडा आणि चाकाखाली विटा लावा, नाहीतर ओले ब्रेक तसेच चिकटून बसतात. पुढच्या सीटखाली एअरबॅगचं वायरिंग असतं, तिथली कनेक्टर तुम्ही ओढाताण करून काढू नका. हे सगळं पेट्रोल-डिझेलचं झालं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर बोनेटलाही हात न लावता थेट कंपनीच्या माणसाची वाट बघा.

जाता जाता, विषय सोडून एक. पुरानंतर चार-सहा महिन्यांनी बाजारात स्वस्त, चकचकीत सेकंडहँड गाड्या येतात. बघायला गेलात तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. सीट धुतात, मॅट बदलतात, पट्ट्याच्या आतल्या टोकावरची चिखलाची रेघ मात्र बऱ्याचदा विसरतात.

तो वाकडा रॉड माझ्या कपाटात आहे. क्लेममध्ये बदललेले जुने भाग कंपनी घेऊन जाते, पण इंजिन नामंजूर, म्हणून हा माझा! तुम्ही बोनेट उघडू शकत असाल तर ऑइलची डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) काढून, पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो टाका, आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या आतलाही एक. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी आत गेलंय. नेहमीसारखं दिसलं तरी सेल्फ नाहीच.