डावी बाजू सोडू नकोस बे

लायसन्स आलं ना हातात? मग ऐक. डावीकडून चालवायचं हे सगळ्यांना पाठ असतं. माणूस चुकतो तो पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. जायचं असतं उजवीकडे, दुभाजकातला कट लांब, मग वाटतं एवढ्याशासाठी कशाला वळसा! होटगी रोडला मीही एकदा असाच उलटा शिरलो. समोरून रिक्षा आली, माझा आरसा गेला, आणि रिक्षावाल्यानं जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. तेव्हापासून कलम १८४ खाली उलट दिशेनं येणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही.

ओव्हरटेक उजवीकडूनच. पुढचा उजवीकडे वळायचा इशारा देत असेल तरच त्याच्या डावीकडून जा.

खरी परीक्षा उसाच्या हंगामात. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. पंक्चर झाला की रात्रभर डाव्या कडेलाच उभा, शेजारी फक्त दगड रचलेले. म्हणून डावीकडे म्हणजे कडेला चिकटून नव्हे. आपल्या लेनच्या मध्यात राहा. रात्री दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेव. आणि काम झालं की ते दगड उचलायला कुणी येत नाही, तेही सकाळी लक्षात असू दे.