जर्मनीत शिकायला किंवा फिरायला जाताना : खरेदीविषयीचे प्रश्न

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये जर्मनीला शिकायला जाते आहे. कणीक, तूप, डाळी, मसाले, कढीपत्ता असं सगळंच बॅगेत भरावं का? (पालक, नाशिक)

आधी काय नेता येत नाही ते पाहा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पनीर, श्रीखंड, खवा घरीच ठेवायचं. खव्याच्या पेढ्यांच्या भानगडीतही पडू नये. ताजी फळं, भाज्या आणि पानं यांना रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हिरव्या मिरच्या, आंबे आणि ताजा कढीपत्ता बाद. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना यातून सूट आहे. नारळ खुशाल न्या, पण वजन बघून!

तुपासाठी अडायचं कारण नाही. तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात लोण्याच्या कप्प्याजवळ 'बुटरश्माल्त्स' मिळतं. ते कढवलेलं लोणीच असतं. बेसन म्हणजे 'किशरएर्ब्सेनमेल', रवा म्हणजे 'वाइत्सनग्रीस', खायचा सोडा म्हणजे 'नात्रोन'. ढोकळ्यासाठी 'बाकपुल्फर' उचलू नका, ती बेकिंग पावडर आहे. मसूर, छोले आणि कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या तुर्की दुकानात चांगल्या मिळतात. तूरडाळ आणि पोहे भारतीय किंवा आशियाई दुकानातच शोधावे लागतात. बॅगेतली जागा खर्च करायचीच तर गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट यांच्यावर करा. त्यांना तिथे पर्याय नाही.

प्रश्न : तिथलं गव्हाचं पीठ आणलं तर पोळ्या वातड होतात. पीठ कोणतं घ्यायचं? (विद्यार्थी, श्टुटगार्ट)

बहुतेक वेळा चूक पाकीट निवडतानाच होते. पाकिटावर 'वाइत्सनमेल' म्हणजे गव्हाचं पीठ लिहिलेलं हवं. शेजारीच 'रोगन' म्हणजे राय नावाचं धान्य आणि 'डिंकेल' म्हणजे गव्हाचाच एक जुना प्रकार अशी पाकिटं असतात. रायची कणीक हाताला चिकटते आणि लाटता येत नाही. डिंकेलची पोळी होते, पण कणीक ओढली की पटकन तुटते.

'टाइप'पुढचा आकडा शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचे मिलिग्रॅम सांगतो. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदाच. तो स्वस्त आणि समोरच ठेवलेला असतो, म्हणून नवखे तोच उचलतात. ५५० मध्ये कोंडा किंचित जास्त, तर १०५० मध्ये कोंडा बऱ्यापैकी. पूर्ण गव्हाच्या पिठाला 'फोलकोर्न' म्हणतात आणि त्यावर टाइपचा आकडा नसतो.

पोळीसाठी निम्मं बारीक दळलेलं फोलकोर्न आणि निम्मं ५५० मिसळा, किंवा नुसतं १०५० घ्या. आपल्या चक्कीच्या जात्यात घासलं जाऊन पिठातल्या स्टार्चचे कण फुटतात, म्हणून ती कणीक भरपूर पाणी पिते आणि पोळी मऊ राहते. तिथलं पीठ रोलरवर दळतात. त्यात कण कमी फुटतात, पाणी कमी मुरतं आणि पोळी गार झाली की कडक होते. उपाय साधा आहे. कोमट पाण्यात भिजवा, कणीक नेहमीपेक्षा सैल ठेवा, थोडं तेल घाला आणि निदान अर्धा तास झाकून ठेवा. तरी समाधान होत नसेल तर भारतीय दुकानात 'आटा' असतोच, थोडे जास्त पैसे मोजायचे एवढंच.

जाता जाता दुधाविषयी. 'हा-मिल्ख' हे अतितप्त करून महिनोन्महिने टिकवलेलं दूध आहे. चहाला आणि विरजणाला चालतं, पण त्याचं पनीर भुसभुशीत होतं. पनीर करायचं असेल तर थंड कप्प्यातलं ताजं, ३.५ टक्के फॅटचं दूध घ्या.

प्रश्न : इथला कुकर आणि मिक्सर तिथे चालेल का? (पालक, सांगली)

वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखीच. ट्रान्सफॉर्मर लागत नाही. अडचण प्लगची आहे. मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना तिथल्या सॉकेटात जातात, तीन पिनांचा प्लग जात नाही. मिक्सरसाठी ॲडाप्टर घेताना त्याच्या कडेला अर्थिंगच्या धातूच्या पट्ट्या आहेत का बघा. स्वस्तातल्या 'सगळ्या देशांच्या' ॲडाप्टरमध्ये बहुधा अर्थिंग पुढे जातच नाही. चार्जरला ते चालून जातं, धातूचं अंग असलेल्या उपकरणाला नाही. पाण्याची किटली तिथेच घ्या.

कुकर नेण्याआधी खोलीतली शेगडी कोणती ते विचारा. इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. तळाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर कुकर चालेल. काचेच्या साध्या इलेक्ट्रिक शेगडीवर कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं, गोल बुडाची कढई मात्र दोन्हीकडे निरुपयोगी. कुकरसोबत जादा रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घ्या. आपल्या कंपनीचे सुटे भाग तिथल्या दुकानात मिळत नाहीत, आणि पंधरा रुपयांच्या तुकड्यासाठी अख्खा कुकर पडून राहतो.

प्रश्न : शनिवारी रात्री पोचणार आहे. रविवारी सामान मिळेल का? (विद्यार्थी, पुणे)

जवळजवळ नाही. रविवारी आणि सरकारी सुट्टीला दुकानं कायद्यानेच बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांमधली आणि विमानतळावरची दुकानं उघडी असतात, बेकऱ्या काही तास चालू असतात आणि पेट्रोलपंपावर महागडं किरकोळ सामान मिळतं. ईस्टरला गुड फ्रायडे, रविवार आणि सोमवार अशा तीन सुट्ट्या येतात, तेव्हा आधीच्या गुरुवारी सामान भरून ठेवावं. पहिल्या दिवसाचं खाणं इथूनच न्या.

दुकानात जाताना पिशवी सोबत घ्या आणि ट्रॉलीसाठी एक युरोचं नाणं खिशात असू द्या. छोट्या दुकानांत आणि बेकऱ्यांत परदेशी कार्ड चालेलच असं नाही, म्हणून थोडी रोख बाळगा. कार्डमशीनने 'रुपयांत की युरोत' असं विचारलं तर युरोच निवडा, कारण रुपयांत त्यांचा स्वतःचा चढा दर लागतो.

प्रश्न : पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले. फसवलं का? (पर्यटक, ठाणे)

नाही. ती 'प्फांड' म्हणजे अनामत रक्कम आहे. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट, पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांवर बहुधा ८ किंवा १५ सेंट. रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटातल्या यंत्रात टाका, चिठ्ठी घ्या आणि त्याच दुकानाच्या गल्ल्यावर दाखवा. पाणी एका दुकानात घेतलं आणि बाटली दुसऱ्या मोठ्या दुकानात दिली तरी हरकत नाही. फक्त बाटली चेपू नका आणि लेबल फाडू नका, कारण यंत्र बारकोड आणि आकार बघतं. चेपलेली बाटली ते परत बाहेर ढकलतं. बाकी लेबलवरच्या किमतीत कर धरलेलाच असतो. त्याखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा दर असतो. तुलना त्याच आकड्याची करा, मोठं पाकीट दर वेळी स्वस्त नसतं.

प्रश्न : ताप-डोकेदुखीची गोळी ड्रगस्टोअरमध्ये का देत नाहीत? (विद्यार्थिनी, बर्लिन)

'ड्रोगरी'त शाम्पू, साबण, जीवनसत्त्वं मिळतात. पॅरासिटामॉलसाठी लाल 'ए'ची पाटी असलेली 'आपोटेके' म्हणजे औषधांचं दुकान शोधावं लागतं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ५०० मिलिग्रॅमच्या वीस गोळ्यांपर्यंतचं पाकीट मिळतं. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय नाहीतच, आणि आपल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथे चालत नाही. नियमित औषधं असतील तर तीन महिन्यांपर्यंतची, मूळ पाकिटात आणि इंग्रजी चिठ्ठीसह न्या. रात्री आणि रविवारी पाळीने एखादी आपोटेके उघडी असते. बंद दुकानाच्या दारावर तिचा पत्ता लावलेला असतो.

प्रश्न : करपरतावा कोणाला मिळतो? मुलाकडे महिनाभर जाणार आहोत. (वाचक, कोल्हापूर)

करपरतावा म्हणजे वस्तूच्या किमतीत भरलेला कर ती देशाबाहेर नेताना परत मिळणं. तो तुम्हाला मिळेल, मुलाला नाही. तीन महिन्यांहून जास्त मुदतीचा रहिवासी परवाना असलेल्याला हा लाभ नसतो. म्हणून बिल तुमच्या नावावर हवं आणि वस्तूही तुम्हीच न्यायला हवी. एका बिलाची रक्कम ५० युरोंहून जास्त पाहिजे. पासपोर्ट दाखवून दुकानातच फॉर्म भरून घ्या. हॉटेल आणि जेवण यात बसत नाही.

माल खरेदीच्या महिन्यानंतरचे तीन महिने संपायच्या आत युरोपीय संघाबाहेर गेला पाहिजे. १० मार्चची खरेदी असेल तर ३० जूनपर्यंत. वस्तू मोठ्या बॅगेत असेल तर चेक-इनच्या खिडकीवर तसं सांगा. बॅगेला पट्टी लावून ती परत देतात, मग कस्टम्सला वस्तू आणि फॉर्म दाखवून शिक्का घ्यायचा आणि बॅग तिथेच सोपवायची. बॅग आधीच पट्ट्यावर गेली तर शिक्का मिळत नाही. बहुतेकांचा परतावा इथेच बुडतो. हातातल्या सामानाचा शिक्का मात्र संघातल्या शेवटच्या विमानतळावर मिळतो. फ्रँकफर्टहून पॅरिसमार्गे मुंबईला येत असाल तर तो पॅरिसला.

साधारण वस्तूंवर कर १९ टक्के, म्हणजे ११९ युरोंच्या वस्तूत १९ युरो. परतावा देणारी कंपनी त्यातून आपलं शुल्क कापते, त्यामुळे पूर्ण रक्कम हातात येत नाही. छोट्या बिलासाठी तास-दीड तास रांगेत उभं राहायचं का, ते आधी ठरवा.

प्रश्न : दुकानातून आणलेलं जॅकेट घट्ट होतंय. परत घेतील? (विद्यार्थी, म्युनिक)

वस्तूत दोष नसेल तर दुकानावर कायद्याचं बंधन नाही. पुष्कळ दुकानं राजीखुशीने बदलून देतात, पण पावती आणि लेबल लागतं. ऑनलाइन खरेदीला मात्र वस्तू हातात आल्यापासून १४ दिवस परतीचा हक्क आहे, पाठवणीचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. दोष निघाला तर विक्रेत्याची जबाबदारी दोन वर्षं असते. पहिल्या वर्षात दोष आधीपासून नव्हता हे दुकानदाराने दाखवायचं. जुनी वस्तू खाजगी माणसाकडून घेतली तर ही जबाबदारी तो नाकारू शकतो, म्हणून सायकल घेताना चालवून बघा, मूळ पावती मागा आणि फ्रेमवरचा क्रमांक तिच्याशी पडताळा. पावती नाही आणि क्रमांक खरवडलेला आहे, तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.