जेटबोट: इंजिन किंचाळतं पण बोट उठत नाही, तेव्हा आधी पंप बघा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि जुनी जखम खाजायला लागली. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला सेकंडहँड पण ‘तपासून घेतलेली’ जेटबोट, वायमाकारिरी नदीवर पहिला दिवस. दोघं बसले तर कशीबशी पळते, बायकोमुलं चढली की इंजिन नुसतं किंचाळतं, नाक आभाळाकडे आणि बोट जागच्या जागी, पाण्यावर उठून पळतच नाही. मग उथळात टेकली आणि गुडघाभर गार पाण्यात ढकलाढकली. वर ज्या गॅरेजने खरेदीआधी तपासणीचा कागद दिला तेच आता म्हणतंय की चालवणाऱ्याला येत नाही. तुम्ही विचारलंय की दोष माझा की बोटीचा, आणि घरचे म्हणतात तशी विकून टाकू का.

बूच लावणं, लाइफजॅकेट, ब्लोअर, किल-स्विचची दोरी यावर लिहीत बसत नाही, ते तुम्ही केलेलं दिसतंय. आणि आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. तुमची बोट पाहिलेली नाही. पण माझ्याकडेही ॲल्युमिनियमची बोट, व्ही-८ इंजिन आणि हॅमिल्टनचं २१२ जेट आहे, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणं अगदी त्याच क्रमाने भोगलेली आहेत. माझा अंदाज: तुमचं इंजिन ठणठणीत आहे, पंप झिजलाय.

हे घरबसल्या बरंचसं ठरवता येतं, आणि गॅरेजवाले नेमकं हेच सांगत नाहीत. मागे पाण्यात पंखा (प्रोपेलर) फिरणाऱ्या बोटीत वेग आणि आरपीएम हातात हात घालून चालतात. जेटबोटीत पंप तळाच्या जाळीतून पाणी खेचून मागे धार फेकतो, आणि त्या पंपाला बोट पळतेय की उभी आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं. थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर आरपीएम किती जाणार, हे इंजिनाची ताकद आणि आतल्या इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा) प्रकार या दोन गोष्टींवर ठरतं. प्रत्येक इम्पेलरसाठी किती ताकदीला किती आरपीएम याचा तक्ता असतो, तो मागून घ्या. आता खोल पाण्यात, सरळ रेषेत, काही सेकंद पूर्ण थ्रॉटल देऊन आकडा बघा. तक्त्यापेक्षा कमी आला तर इंजिन दमलेलं. जास्त आला आणि तरी ढकल नाही, तर पंप पाणी धरत नाहीये. पुण्यात सोसायटीची मोटर हवा धरल्यावर नुसती घरघरते आणि वरच्या टाकीत थेंब चढत नाही, तसाच प्रकार.

पंप पाणी का धरत नाही याची कारणं मोजकीच. खालच्या जाळीत गोटा किंवा शेवाळ अडकलं असेल. आतल्या तपासणीच्या झाकणाचं सील हवा खेचत असेल. इम्पेलरच्या पात्यांची धार गोट्यांनी खाल्ली असेल. किंवा पात्याचं टोक आणि त्याभोवतीची वेअर रिंग (झीज सोसणारं, बदलता येणारं कडं) यांतली फट वाढली असेल. बोट आधी नीट पळत होती आणि उथळावरून गेल्यावर अचानक बिघडली, तर जाळी बघा. पहिल्या मिनिटापासून, दर वेळी, वजन वाढलं की बिघडते, तर फट. तुमची गोष्ट दुसऱ्या प्रकारची वाटते.

माझ्या बाबतीत हे शोधलं ते क्लबातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, नदीकाठच्या गोट्यांवर. बोट ट्रेलरवर चढवली होती आणि मी गाशा गुंडाळत होतो. ते न विचारताच ट्रेलरखाली उताणे झोपले, जाळीतून टॉर्च मारला आणि ‘हं’ म्हणाले. मग बाहेर येऊन किल्ली काढायला लावली, बॅटरीचा स्विच बंद करायला लावला, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि आतलं झाकण उघडून दंडापर्यंत हात घातला. दुसऱ्या हाताने माझ्याकडे सुटे पैसे मागितले. दहा सेंटचं नाणं पात्याच्या टोकाशी धरलं आणि ते आरामात फटीतून सरकवून दाखवलं. नव्या पंपात ही फट मिलिमीटरच्या आतली असते. नंतर मला हात घालायला सांगितला. पात्याची पुढची कड बोटाला लागली ती सगळी कुरतडलेली, एका ठिकाणी नखाएवढा तुकडाच गायब.

तुम्हीही हेच करा, फक्त नाण्याऐवजी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. किल्ली खिशात, बॅटरी बंद, मगच हात आत. हे शंभरदा सांगितलं तरी कमीच.

आता माझ्या वाट्याला आलेल्या गॅरेजबद्दल. नाव लिहिणार नाही, उगाच लफडी नकोत, पण मनस्ताप बोटीने दिला नाही एवढा त्या काउंटरने दिला. खरेदीआधीच्या तपासणीचे पैसे मोजून घेतले, छापील कागद दिला, त्यावर ‘जेट युनिट: ठीक’ अशी बरोबरची खूण. तपासलं कसं? अंगणात, ट्रेलरवर, बागेचा पाइप लावून. पाइपवर पंपाला भारच नसतो. इंजिन गोड आवाजात फिरतं, गरम होत नाही, गिऱ्हाईक खूश. पंप पाण्यात बुडाल्याशिवाय आणि बोट भरल्याशिवाय त्याची झीज पाइपवर कशी दिसणार? एक फीलर गेज आणि पाव तास, एवढंच काम होतं.

तक्रार घेऊन गेलो तर पहिलं उत्तर, ‘जेट शिकायला वेळ लागतो.’ दुसऱ्यांदा गेलो तर तपासणी पुन्हा करू, तिचे पैसे पुन्हा. तिसऱ्यांदा कागदाच्या पाठीवरची बारीक अक्षरं दाखवली: ‘फक्त नजरेने तपासणी’. मी विचारलं, मग नजरेला पातं दिसलं नाही का? तर म्हणे साहेब बाहेर गेलेत. विमा कंपनीने झीज विम्यात बसत नाही म्हणून फाइल बंद केली, आणि त्यांचं तसं चूकही नाही, ते पॉलिसीत लिहिलेलंच असतं. खाजगी विक्रेत्याने ‘आहे तशी विकली’ म्हणून कानांवर हात ठेवले. या टोलवाटोलवीत उन्हाळ्याचा हंगाम संपला आणि बोट ड्राइव्हवेवर ताडपत्रीखाली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्याकडची मंडळी ‘जाऊ दे’ म्हणून सोडून देतात. न्यूझीलंडचा १९९३ चा कंझ्युमर गॅरंटीज ॲक्ट खाजगी विक्रेत्याला लागू होत नाही, त्यामुळे ज्याच्याकडून बोट घेतली त्याच्यामागे या कायद्याने लागून फायदा नाही. पण पैसे घेऊन तपासणी करणारं गॅरेज धंदा करतंय. त्याने दिलेली सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने दिलेली असली पाहिजे, हे त्या कायद्यात आहे. भांडण डिस्प्यूट्स ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या न्यायाधिकरणात, नेता येतं, तिथे वकील उभा करता येत नाही, त्यामुळे आपल्यासारख्याला घाबरायचं कारण नाही. मी वकील नाही, तेव्हा सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरोत जाऊन फुकट विचारून घ्या. माझं ट्रिब्युनलपर्यंत गेलंच नाही. लेखी पत्रात कायद्याचं नाव आणि पात्याचा फोटो टाकल्यावर साहेब अचानक गावात परतले आणि तपासणीची फी परत आली. पंपाचा खर्च मात्र माझ्याच बोकांडी बसला: नवी वेअर रिंग, आणि इम्पेलरच्या पात्यांना वेल्डिंगने भर घालून पुन्हा माप घेतलं. नवा इम्पेलर घेण्यापेक्षा हे परवडतं, पण जेटचं काम रोज करणाऱ्याकडूनच करून घ्या. ख्राइस्टचर्चमध्ये अशा माणसांची कमी नाही. बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात मॅकेन्झी भागातल्या आयरिशमन क्रीकला या उथळ नद्यांसाठीच जेटवर काम केलं, कंपनी आजही याच शहरात आहे, आणि गल्लीबोळात जेट जाणणारे लोक आहेत. मला ते दोन हंगाम उशिरा सापडले, एवढंच.

म्हणजे तुमच्या चालवण्यात काहीच खोट नाही असं मी म्हणत नाही. टेकली ती का टेकली? वायमाकारिरी ही एका पात्रातून वाहणारी नदी नाही, गोट्यांच्या रुंद पट्ट्यात तिचे फाटे फुटतात, मिळतात, पुन्हा फुटतात, आणि पूर येऊन गेला की कालचा फाटा आज जागेवर नसतो. पाण्यावर उठलेली बोट वीतभर पाण्यातून जाते. तीच बोट हळू झाली की मागचा भाग खाली बसतो आणि तिला कितीतरी जास्त खोली लागते. म्हणून उथळ दिसलं की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि तिथेच फसतो. शिवाय जेटला सुकाणू म्हणजे मागून निघणारी धार. थ्रॉटल सोडला की धार गेली, धार गेली की वळणं गेलं. पण हे सगळं ‘वेग सोडू नका’ प्रकरण बोट उठत असेल तर. न उठणारी बोट घेऊन नदीत जाणं म्हणजे पंपाला गोटे चारणं. आधीच झिजलेला पंप त्याने आणखी खराब होतो. तुमच्या गॅरेजवाल्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पाणी वाचायचं तर गुळगुळीत, लांब जिभेसारखी निमुळती धार शोधा, तीत खोली असते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला डोह, आतल्या बाजूला गोट्यांचा पसारा. सगळीकडे सारखी बारीक खळखळ दिसली तर ते उथळ. फाटा निवडताना जास्त पाणी कुठे जातंय ते बघा, रुंद कुठला ते नाही, कारण रुंद फाटा बहुतेक वेळा पसरट आणि फसवा असतो. हे वाचून येत नाही. जेट बोटिंग न्यूझीलंड या जेटबोटवाल्यांच्या संघटनेच्या कँटरबरी शाखेचं सभासदत्व घ्या आणि पहिल्या काही वेळा कुणा जुन्या माणसाच्या मागून जा. एकट्याने नदीत जाऊ नका, हे माझं ठाम मत आहे. काहींना ते पटत नाही. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर जावं.

पंप दुरुस्त झाल्यावर पहिली फेरी नदीत नको. खोल, स्थिर पाणी घ्या. आम्ही तंबू घेऊन बेनमोर तलावाला गेलो होतो, धरणाचा जलाशय, हवी तेवढी खोली. सकाळी लवकर जा, दुपारी वारा उठतो. तिथे आधी एकटे, मग दोघं, मग चौघं असं वजन वाढवत आरपीएम लिहून ठेवा. मुलं त्या दिवशी काठावर राहिली तर कुरकुर करतील, करू द्या.

आता सुटंसुटं, विसरायच्या आत. शहरात लख्ख ऊन असलं तरी इथल्या दक्षिण आल्प्स डोंगरांत नॉर-वेस्टर (वायव्येचा वारा) पाऊस पाडत असेल तर नदी चढते, म्हणून निघण्याआधी एन्व्हायर्नमेंट कँटरबरी या प्रादेशिक परिषदेच्या साइटवर प्रवाहाचे आकडे बघा. काठापासून २०० मीटरच्या आत ५ नॉट ही मर्यादा देशभर आहे आणि नदीत ती पाळायची तर बोट कधीच उठणार नाही, म्हणून काही पट्ट्यांत ती उठवलेली असते. कुठे आणि कधी, ते नियमांत बघूनच पाण्यात उतरा, सगळी नदी मोकळी नाही. उजव्या बाजूने चाला, प्रवाहाविरुद्ध जाताना खाली येणाऱ्याला वाट द्या. गळ टाकून बसलेल्या लोकांजवळ डोकं शांत ठेवा. ते शिव्या देतात, कधीकधी रास्त असतात. एका नदीतून दुसरीकडे जाताना बोट धुऊन वाळवा, २००४ पासून दक्षिण बेटावर डिडिमो शेवाळाचा त्रास आहे. फावडं आणि लांब दोर बोटीत कायम. ट्रेलर ओढताना ९० च्या वर नाही. आणि बोटीला नोंदणी नाही, चालवायला लायसन्स नाही, हे ऐकून आपले लोक खूश होतात, पण ट्रेलरला रेगो (नोंदणी) आणि वॉरंट (रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) दोन्ही लागतं. आमच्या ओळखीतल्या एकाला पहिला दंड रस्त्यावरच बसला, पाण्यात पोचायच्या आधी.

विकायची का? आत्ता विकली तर झिजलेला पंप सांगून विकावी लागेल आणि कवडीमोल मिळेल. न सांगता विकलीत तर तुमच्यात आणि तुमच्या विक्रेत्यात फरक काय. पंप करून घ्या, एक उन्हाळा वापरा, मग वहिनींना विचारा.

गॅरेजला पुढचा फोन करण्याआधी तीन गोष्टी इथे टाका: खोल पाण्यातला पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम, जेट युनिटवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर, आणि खालून जाळीतून काढलेला पात्याचा फोटो. तपासणीच्या कागदाची पाठसुद्धा वाचून बघा, ‘नजरेने’ शब्द आहे का ते कळवा. पत्राचा मसुदा हवा असेल तर माझा जुना पाठवतो, नाव-गाव काढून.