बेनेडिक्टाइन नन्सचा (संत बेनेडिक्टचे नियम पाळणाऱ्या कॅथलिक जोगिणींचा) मठ नव्या जागी कसा रुजतो?
अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला रेजिना लाउडिस मठ बघा. संस्थापक मदर बेनेडिक्ट डस मूळच्या डॉक्टर, फ्रान्समधल्या झुआर मठात नन. १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याने ते गाव जर्मनांच्या ताब्यातून सोडवलं, तेव्हा कृतज्ञतेपोटी अमेरिकेत मठ काढायचं त्यांच्या मनाने घेतलं. १९४७ मध्ये कनेक्टिकटमधल्याच बेथलेहेम गावात सुरुवात झाली, १९७६ मध्ये ॲबीचा, म्हणजे पूर्ण स्वतंत्र मठाचा दर्जा मिळाला. दिवसभरात अनेकदा लॅटिन प्रार्थनागायन, मधल्या वेळेत गोठा नि शेत.

गंमत इथे बनणाऱ्या चीजची आहे. चीज करायचं लाकडी पिंप जाऊन स्टीलचं भांडं आलं, तर त्यातच ई. कोलाय हे घातक ठरू शकणारे जीवाणू वाढले! लाकडातले जीवाणूच चीज राखतात, हे इथल्याच नन मदर नोएलांनी प्रयोगाने दाखवलं. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी.ही केली. आणि हो, गायक-अभिनेता एल्विस प्रेस्लीसोबत सिनेमात झळकलेल्या अभिनेत्री डोलोरेस हार्ट १९६३ मध्ये इथेच नन व्हायला आल्या.