फ्लूनंतर फुप्फुसात बुरशी: वडिलांचं ताट वेगळं मांडावं का?

प्रश्न: माझे वडील मधुमेही. फ्लूने अत्यवस्थ होऊन नांदेडला व्हेंटिलेटरवर होते. उतरलेला ताप पुन्हा चढला, बेडक्यातून रक्त आलं. दुर्बीण घालून तपासलं तर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी निघाली. आता घरी व्होरिकोनॅझॉलच्या गोळ्या चालू आहेत. शेजारी म्हणतात काळी बुरशी आहे, लागते. म्हणून आईने त्यांचं ताट-तांब्या वेगळं केलंय. भाऊ म्हणतो स्टेरॉइडमुळे झालं. सोयाबीनच्या राशी तोंडावर आल्यात, वडील खळ्यावर जायचा हट्ट धरून बसलेत.
– एक वाचक, जिंतूर तालुका

उत्तर: ताई, आधी वडिलांचं ताट सगळ्यांच्या पंगतीत परत मांडा. ही बुरशी माणसाकडून माणसाला लागत नाही. २०२१ मध्ये नाक, डोळे, जबडा पोखरणारी काळी बुरशी आपण पाहिली ती म्युकर. ती वेगळी, तिचं औषधही वेगळं.

अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू कडब्याच्या गंजीत, भिजलेल्या भुशात, कुजक्या पाल्यात असतात. तुम्ही-मी ते रोज श्वासातून घेतो आणि धडधाकट फुप्फुस त्यांचा निकाल लावतं. फ्लूच्या विषाणूने मात्र श्वासनळ्यांचं अस्तरच सोललेलं असतं, तिथे बुरशी रुजते. नेदरलँड्स-बेल्जियममध्ये अतिदक्षता विभागातल्या फ्लूच्या ४३२ रुग्णांची पाहणी २०१८ मध्ये छापून आली. त्यांतल्या १९ टक्क्यांना हीच बुरशी झाली होती. म्हणून उतरलेला ताप पुन्हा चढला की बुरशी शोधायलाच हवी. तुमच्या डॉक्टरांनी ती वेळेवर शोधली.

स्टेरॉइडने हा धोका वाढतो, हे खरं. कोविडमध्ये ऑक्सिजन लागलेल्यांचे प्राण त्यानेच वाचले, फ्लूमध्ये तसा फायदा सिद्ध झालेला नाही. पण दमा उफाळला किंवा रक्तदाब कोसळला तर द्यावंच लागतं. भावाने भांडू नये, का दिलं ते डॉक्टरांना शांतपणे विचारावं.

व्होरिकोनॅझॉल म्हणजे बुरशी मारणारं औषध; त्याची गोळी जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तासानंतर. तिने नजर धूसर होते, म्हणून मोटारसायकल बंद, रात्री तर नाहीच. उन्हाने कातडी भाजते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला रुमाल. यकृताची रक्ततपासणी चुकवू नका. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर ही गोळी वाढवते, साखर एकदम उतरू शकते. सगळ्या चिठ्ठ्या डॉक्टरांसमोर ठेवा. उपचार निदान सहा ते बारा आठवड्यांचा असतो. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही.

खळ्यावर या हंगामात नाही. मळणीयंत्राच्या तोंडाशी उडणारी धूळ त्यांच्या फुप्फुसाला सोसवणार नाही. शेतकऱ्याला राशीपासून लांब बसवणं किती जड जातं ते मी जाणतो. पण पोती घरी आल्यावर मोजायला त्यांनाच बसवा. भूस भरणं, कूलरचं जुनं गवत बदलणं हेही दुसऱ्या कुणी करावं.

पुन्हा रक्त पडलं किंवा धाप वाढली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. फ्लूची लस कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि ती आईलाही द्या, दरवर्षी.