तरंगणाऱ्या पेशी ओतून देऊ नकोस
अगं, किती पेशी मेल्या हे मोजायला पेशी गोळा करताना वरचं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, सिंकमध्ये ओतू नकोस. मरणाऱ्या पेशी तळ सोडून त्यातच तरंगतात. त्या गेल्या की निकाल चुकलाच. माझे सुरुवातीचे दोन आठवडे असेच वाया गेले.

मायक्रोस्कोपखाली निवांत बघ. ॲपॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणात, पेशी आक्रसते, कडेला बुडबुड्यांसारखे फुगवटे येतात, केंद्रकाचे तुकडे होतात. मेलेल्या पेशीच्या तुकड्यांना आजूबाजूच्या पेशी गिळून टाकतात, दाह न होता. नेक्रोसिसमध्ये, म्हणजे इजेने होणाऱ्या मरणात, मात्र पेशी फुगून फुटते. पहिलं मरण शरीराला हवंच असतं. गर्भाच्या बोटांमधला पडदा त्यानेच जातो. सी. एलेगन्स या उभयलिंगी जंतात १०९० कायिक (प्रजननपेशी सोडून शरीराच्या) पेशी बनतात आणि ठरलेल्या १३१ मरतात! मला अजूनही याचं नवल वाटतं.

आणि पेशी तळापासून सोडवणारं ट्रिप्सिन हे एन्झाइम जास्त वेळ ठेवू नकोस, नाहीतर धडधाकट पेशीही ॲनेक्सिनने, म्हणजे मरणाऱ्या पेशी ओळखायला वापरतो त्या प्रथिनाने, रंगतात.