सारखा थकवा असतो, वजन वाढतंय, घरचे म्हणतात आळस आहे. थायरॉईड सुरुवातीलाच कसं ओळखायचं?

"घरचे म्हणतात आळस" एवढं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

थकवा, केस गळणं, कोरडी त्वचा ही यादी तुम्ही वाचलीच असणार, पण कुठल्याही घरातल्या बाईला विचारा, सगळ्याला हो म्हणेल. बघायचं ते हे, की पूर्वी नव्हतं आणि आता आहे असं काय काय आहे, आणि ते सगळं एकदमच मागे लागलंय का.

आम्ही जळगावचे. इथे एप्रिलमध्ये रात्री सुद्धा भिंती तापलेल्या असतात, कुलरशिवाय झोप नाही. त्या वर्षी मी कुलर बंद करायला लागले. थंडी वाजते म्हणून! आमचे हे वैतागून गच्चीवर झोपायला जायचे आणि मी खाली चादर घेऊन. त्यात नणंदबाई सुट्टीला आलेल्या, वाळवणाचे दिवस, कुरडयांचा चीक घोटायचा होता. शेगडीसमोर त्या घामाने निथळतायत आणि मला चक्क बरं वाटतंय, घामाचा थेंब नाही. पण दहा मिनिटांत हात भरून आले, बसले खाली. झालं, "आमच्यावेळी पाचला उठून गच्चीभर पापड व्हायचे" सुरू. रात्री बोटांना मुंग्या यायच्या, सकाळी बांगड्या चढत नव्हत्या, पोट साफ होत नव्हतं, पाळी आठ-आठ दिवस. हे एकेक वेगळं दुखणं आहे असंच सगळे धरून चाललेले. पाळीमुळे हिमोग्लोबिन कमी, म्हणून एका डॉक्टरांनी नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन ठेवल्या, अंगावरून इतकं का जातंय ते काही विचारलं नाही.

आणि खरं कोणाच्या लक्षात आलं असेल तर पार्लरवालीच्या. आयब्रो करताना दोरा थांबवून म्हणाली, "ताई, कडेला करायला केसच उरले नाहीत हो, थायरॉईड तपासलंय का? माझ्या बहिणीचं असंच होतं." भुवयांचा बाहेरचा भाग विरळ होतो, प्रत्येकीच्या होतोच असं नाही, माझ्या झाला. तपासणी केली, टीएसएच ६८. साधारण चारच्या आत असायला हवा. आता टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड जोरात चाललंय असं समजू नका, उलटं आहे, गळ्यातली ग्रंथी काम करेना म्हणून मेंदूकडची पिट्युटरी ग्रंथी तिला आणखी मोठमोठ्याने हाका मारते, त्या हाका म्हणजे टीएसएच.

रिपोर्ट बघून नणंदबाई काय म्हणाल्या असतील? "गोळी सुरू करू नकोस, एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, धण्याचं पाणी पी." अहो, चष्मा पण सुटत नाही, म्हणून काय आंधळं फिरायचं? मी गोळी घेतली. पण सासूबाईंना पण हेच दुखणं होतं, त्या नणंदबाईंकडे भुसावळला राहायला गेल्या आणि तिथे त्यांची गोळी बंद झाली, धण्याचं पाणी सुरू. पहिले दोन-तीन आठवडे एकदम छान, रोज फोन, "बघ, गोळीशिवाय चाललंय." चालणारच! शरीरात गेलेलं औषध निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, साठा हळूहळू उतरतो, आणि धण्याच्या पाण्याला फुकटचं श्रेय. पुढे एक दिवस फोनवर इतका घोगरा आवाज आला की मला वाटलं कोणी पुरुषच बोलतोय. आणायला गेलो तर चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या, दुपारी बसल्या-बसल्या झोपतायत. गोळी परत चालू केल्यावर दोनेक महिन्यांत माणसात आल्या. नणंदबाईंचं आजही म्हणणं आहे की ते हवापाण्यामुळे झालं.

म्हणून सांगते, हे दुखणं इतकं सावकाश येतं की आपल्यालाच आपला स्वभाव बदलला असं वाटतं आणि घरच्यांना आळस दिसतो. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, टीएसएच करा, शक्यतो टी-फोर (थायरॉईड ग्रंथी स्वतः बनवते ते हार्मोन) सोबत. गोळी निघाली तर सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्धा-एक तासाने, आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी. मी लोहाची गोळी सोबतच घेत होते, आकडा उतरेना, शेवटी औषधाच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं. डोस बदलला की पुन्हा तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी करून उपयोग नाही. आणि गोळी कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते, तेव्हा खर्चाचं कारण कोणी सांगू नये.

वजनाचं मात्र कडू बोलते. थायरॉईडने साधारण तीन-चार किलो वाढतं, त्यातही बरंच पाणी असतं. पंधरा किलो वाढले असतील तर सगळं त्याच्या माथी मारू नका. उलट प्रकारही असतो हं, भरपूर खाऊन वजन उतरतं, छातीत धडधड, हात थरथरतात, उकाडा सहन होत नाही, जुलाब. तिथे ग्रंथी जास्त काम करत असते, औषध पूर्ण वेगळं, त्यामुळे शेजारणीची गोळी खाऊ नका.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. गळ्याला गाठ लागत असेल, दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर हे वाचत बसू नका, लगेच दाखवा, गरोदरपणात तर डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. आणि हो, केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबवाल्याला तसं सांगा, त्याने रिपोर्टचे आकडे चुकतात.